अनुभव धागा: पीसी मध्येच बंद पडतो, आपोआप रीस्टार्ट होतो. काय तपासावं, कशावरून ओळखावं?

धागाकर्ता

या प्रश्नाला सगळीकडे दोनच उत्तरं मिळतात: 'फॉरमॅट मार' नाहीतर 'एसएमपीएस बदल' (एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा). दोन्ही अधूनमधून लागू पडतात, म्हणून तर टिकून आहेत. जे स्वतः मशीन उघडतात त्यांनी इथे लक्षण, मोजमाप आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष लिहावा. हवा आणि वायरिंग मुंबईचं धरून.

सुरुवात करून देतो. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी बंद पडण्याची जात ठरवा. पडदा क्षणात काळा, पंखे थांबले आणि मशीन आपोआप परत सुरू झालं, तर संशय विजेवर. तसंच काळं झालं पण परत सुरूच होत नाही, किंवा पाच-दहा मिनिटं थांबल्यावरच होतं, तर उष्णता किंवा एसएमपीएसचं संरक्षण. निळा पडदा येऊन रीस्टार्ट झालं तर रॅम, ड्रायव्हर, डिस्क. चित्र गोठलं आणि आवाज 'टर्रर्र' करत अडकला, तर ग्राफिक्स कार्ड, रॅम किंवा एसएसडी. ही वाटणी शंभर टक्के खरी नसते, पण अर्धा दिवस वाचतो.

डम्पवाचक

वरच्या वाटणीत एक गोम आहे. विंडोजमध्ये निळ्या पडद्यानंतर आपोआप रीस्टार्ट हे मुळातच चालू असतं. पडदा झर्रकन येऊन जातो आणि माणूस सांगतो, 'काही न दिसता रीस्टार्ट झालं'. म्हणून आधी सिस्टम प्रॉपर्टीज → अ‍ॅडव्हान्स्ड → स्टार्टअप अँड रिकव्हरी → सेटिंग्ज इथे 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. तिथेच खाली 'स्मॉल मेमरी डम्प' (क्रॅशच्या क्षणाची छोटी नोंद-फाइल) निवडा. सी ड्राइव्हवरची पेज फाइल बंद केली असेल तर ती चालू करा, नाहीतर डम्प लिहिलाच जात नाही.

मग इव्हेंट व्ह्यूअर → विंडोज लॉग्ज → सिस्टम. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक त्यालाच आजार समजतात. ४१ एवढंच सांगतो की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. कामाची गोष्ट त्याच्या डिटेल्स टॅबमध्ये असते: बगचेककोड, म्हणजे निळ्या पडद्याच्या चुकीचा क्रमांक. तो ० असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे वीज, उष्णता, रीसेट बटण यांच्याकडे वळा. ० नसेल तर तो आकडा दशमान असतो, त्याचं हेक्स (सोळाच्या पायाचा आकडा) करून घ्या. २९२ म्हणजे १२४, हार्डवेअरनेच प्रोसेसरला कळवलेली चूक. २७८ म्हणजे ११६, ग्राफिक्स ड्रायव्हरने मान टाकली. २६ म्हणजे १ए, मेमरी मॅनेजमेंट. त्याच वेळेच्या आसपास 'व्हीआ-लॉगर'ची (WHEA-Logger, विंडोजचा हार्डवेअरच्या चुका टिपणारा भाग) नोंद असेल तर फॉरमॅट मारून उपयोग नाही, दोष बहुधा हार्डवेअरमध्ये किंवा ओव्हरक्लॉकिंगमध्ये (भाग ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यात) आहे.

आणि १०७४ हा इव्हेंट सापडला तर ते क्रॅश नव्हतंच. कुणीतरी किंवा विंडोज अपडेटने रीतसर रीस्टार्ट केलेलं आहे.

अर्थिंगवाला

बगचेककोड ० असेल तर मशीनच्या आधी भिंतीतला सॉकेट. मल्टिमीटर एसीवर ठेवून तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ वीस-तीस दाखवत असेल तर अर्थिंग नावापुरतं आहे किंवा न्यूट्रल सैल आहे. गिरगाव, परळ, लालबागच्या जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनला मागे वायरच नसते. तिथे कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला अनवाणी हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधला कपॅसिटर मेनच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट, कॅबिनेटवर आणून ठेवतो. करंट अगदी किरकोळ असतो, पण यूएसबीला काही जोडताना मशीन हँग होणं अशाने होऊ शकतं. हे काम लायसन्सवाल्या वायरमनचं. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडून देणारा भेटला तर त्याला जिन्यावरूनच परत पाठवा. न्यूट्रल तुटला की अख्ख्या कॅबिनेटमध्ये फेज येतो.

सैल सॉकेटची खूण म्हणजे पिनच्या भोवती पिवळट-तपकिरी डाग. स्पाइक गार्डवर पीसीच्या शेजारी इस्त्री नको.

यूपीएसबद्दल जरा सविस्तर. आपल्याकडे वीज क्वचित जाते, आणि गोची तिथेच आहे. बारा व्होल्ट सात एएचची बॅटरी गरम खोलीत दोन-तीन वर्षांत दमते, पण ते कळायला वीज जावी लागते. पावसाळ्यात क्षणभराचा झोल येतो, यूपीएस बॅटरीवर जातो, बॅटरी भार पेलत नाही आणि पीसी रीस्टार्ट. शेजारचा ट्यूबलाइट फक्त लुकलुकलेला असतो, त्यामुळे विजेवर कुणाला संशयच येत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. त्यावर गेमिंग पीसी आणि मॉनिटर लावले तर नवी बॅटरीही कामाची नाही. चाचणी सोपी आहे: काम सेव्ह करा, जड गेम चालू ठेवा आणि यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करा. प्लग उपटू नका, अर्थही तुटतो. पाच मिनिटं टिकला तर ठीक. मग यूपीएस बाजूला काढून दोन दिवस थेट चालवा आणि फरक बघा.

लॅमिंग्टनकर

वरच्याला जोड. चांगला एसएमपीएससुद्धा पूर्ण भारावर साधारण १६ मिलीसेकंदच दम धरतो. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलीसेकंदांचं, म्हणजे एक पूर्ण आवर्तन गळालं तरी तो पडू शकतो. स्वस्तातले तेवढंही धरत नाहीत.

हिरवी आणि काळी वायर पेपर क्लिपने जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं दुकानात सर्रास सांगतात. त्यावरून फक्त तो मेलेला नाही एवढं कळतं. भार असतानाच मोजायचं: मोलेक्सची (चार पिनांचा जुना कनेक्टर) पिवळी-काळी ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये, लाल-काळी ४.७५ ते ५.२५ मध्ये. गेम सुरू होताच पिवळी ११.४ च्या खाली गेली की निकाल लागला. आकडा बरोबर आला तरी सुटका नाही, कारण रिपल, म्हणजे व्होल्टेजवरची बारीक लहर, साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. अशा वेळी खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून पाहणं हाच मार्ग. एसएमपीएस उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या वर राहू शकतं.

लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाणार असाल तर रविवारी नको, बरीच दुकानं बंद असतात. बिलावर जीएसटी आणि सीरियल नंबर दोन्ही लिहून घ्या. खोक्यावरचा '५०० वॅट' वाचू नका, लेबलवरचे १२ व्होल्टचे अँपिअर वाचा. १२ × ३० म्हणजे ३६० वॅट, खरी ताकद तेवढीच.

कांदिवली पूर्व

पण सगळ्यांनी एकदम एसएमपीएसवर घसरू नये. फुकटची तपासणी आधी: कॅबिनेटच्या रीसेट बटणाची वायर मदरबोर्डवरून काढून ठेवा. दमटपणाने बटणाचे संपर्क गंजतात किंवा बटण आत अडकतं, आणि मशीन कधीही रीसेट होतं. दोन पिनांची वायर आहे, तिच्यावाचून काही अडत नाही. पॉवर बटण अडकलं तर चार-पाच सेकंदांनी मशीन पूर्ण बंद होतं, वागणं अगदी एसएमपीएस गेल्यासारखं. ती वायर काढा, पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर टेकवून मशीन सुरू करा आणि दिवसभर चालवा.

तळमजल्यावर राहत असाल तर एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारून बघा. झुरळं उबेला जातात.

थर्मलपेस्ट

मुंबईची धूळ सुकी नसते. दमट हवा आणि स्वयंपाकघरातली तेलकट वाफ मिळून पंखा आणि हीटसिंकच्या मधोमध नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून पाती स्वच्छ दिसतात. ब्लोअरने तो निघत नाही. पंखा सोडवा, थर चिमटीने उचला, उरलेलं मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात. बोर्डाच्या मागून चारही पाय बाहेर आलेले दिसले पाहिजेत. एक निसटली की कूलर तिरका, आणि तापमान काही सेकंदांत नव्वदीपार. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, जुनी पूर्ण पुसून.

मोजायचं कसं: एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) सेन्सर मोडमध्ये, लॉगिंग दर २ सेकंदांनी. मशीन पडल्यावर फाइलची शेवटची ओळ वाचा. इंटेलचे बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःला आवरतात, रायझन ५००० मालिका मॉडेलप्रमाणे ९० किंवा ९५ ला, ७००० मालिकेतले बहुतेक ९५ ला. शेवटच्या ओळीत ६५ असेल तर प्रोसेसरची उष्णता विसरा. एसएमपीएसचं स्वतःचं तापमान मात्र या फाइलीत नसतं.

रॅमबाण

रॅमसाठी विंडोजचा मेमरी डायग्नॉस्टिक पुरेसा नाही. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाका आणि चारही पास (फेऱ्या) होऊ द्या. १६ जीबीला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. एक जरी चूक आली तरी नापास. मग एक्सएमपी (रॅमला जास्त वेग देणारी सेटिंग) बंद करून पुन्हा चालवा. आता स्वच्छ आलं तर रॅम बहुधा मेलेली नाही, तो वेग तिला किंवा बोर्डाला झेपत नाही. तरीही चुका आल्या तर एकेक स्टिक, तीही प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. चूक स्टिकच्या मागे जाते की स्लॉटला चिकटून राहते, ते बघा.

डीडीआर५ च्या चार स्टिका भरून 'पूर्ण वेग' मागू नका. रायझन ७००० मालिकेला दोन स्टिकांवर ५२०० आणि चारवर ३६०० हा अधिकृत वेग आहे. आणि डीडीआर५ बदलल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळाच राहतो. ते ट्रेनिंग असतं, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, घाबरून बटण दाबू नका.

भायखळा बेंच

@रॅमबाण, खोडरबर राहिला की. समुद्राकाठच्या घरांत, वरळी, वर्सोवा, बांद्रा, सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर येतो. पांढरा मऊ रबर, पट्टीच्या लांबीच्या दिशेने दोन-तीनदा हलकेच, मग कण झटकून अल्कोहोलचं फडकं.

रॅमबाण

आधी नुसतं अल्कोहोल, ते न पुरल्यासच रबर. मुलामा पातळ असतो आणि लोक तांब्या-पितळेसारखा घासतात. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकणारे वेगळेच.

डम्पवाचक

दोन खास प्रकरणं, ज्यांत सुटे भाग बदलून लोक थकतात.

एक: रायझन, भार असताना ठणठणीत, नुसतं पडून असताना रीस्टार्ट. बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) नवीन करा, त्याच्या सेटिंग्जमध्ये, तरी थांबलं नाही तर 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' शोधून 'टिपिकल करंट आयडल' करा.

दोन: इंटेल १३ वी-१४ वी पिढी, डेस्कटॉप, आय५-१३६००के आणि त्यावरचे. गेम उघडताना 'व्हिडिओ मेमरी अपुरी' असा खोटा संदेश, मोठी झिप फाइल उघडताना चूक. प्रोसेसर स्वतःहून जास्त व्होल्टेज मागत होता. त्यावर इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) ०x१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०x१२बी दिला. तो बायोस अपडेटमधून येतो. झालेली झीज मात्र त्याने भरून येत नाही. इंटेलने या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे, लक्षणं दिसत असतील तर बदलून मागा.

माहीम १६

ग्राफिक्स कार्डाला दोन आठ-पिनी सॉकेट असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबली आणा, एकाच केबलीचा फाटा नको. ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) काढून नवा टाका.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर). त्यातला सी५ (वाचता न आलेले सेक्टर) वाढत असेल तर आजच बॅकअप. सी७ (केबलवरून डेटा जाताना होणाऱ्या चुका) वाढत असेल तर डिस्क बहुधा ठीक आहे, साटा केबल बदला. सिस्टम लॉगमध्ये १२९ आणि १५३ हे इव्हेंट दिसले तर डिस्क वेळेवर उत्तर देत नाहीये: एसएसडीचं फर्मवेअर, स्लॉटमधली बसण, केबल या क्रमाने.

लॅमिंग्टनकर

दुकानात नुसतं कॅबिनेट उचलून नेऊ नका. तिथल्या सॉकेटवर, एसीच्या गारव्यात, दहा मिनिटांत मशीन पडणार नाही आणि 'ओके आहे' म्हणून परत मिळेल. सोबत मिनीडम्प फोल्डरची झिप, एचडब्ल्यूइन्फोची फाइल आणि ४१ चा फोटो न्या. घरी यूपीएसशिवाय चालवून पाहिलं का, हे दुकानदाराने विचारायच्या आधीच सांगा.