कुत्र्याने द्राक्षं खाल्ली, वेळेत वाचला. पण सासऱ्यांना कसं समजावू? (नाशिक)

तांबूची_आई

नमस्कार. आम्ही मखमलाबाद रोडला राहतो. घरात मी, नवरा, सासरे, नववीतली मुलगी आणि तांबू. तांबू गावठी आहे, चार वर्षांचा, वजन 14 किलो. सोमेश्वरच्या रस्त्याला भर पावसात गटाराच्या कडेला कुडकुडत बसला होता, मुलीने दप्तरात घालून घरी आणला. तेव्हापासून तो बाबांचा (सासऱ्यांचा) जास्त आहे, आमचा कमी.

गेल्या रविवारी पिंपळगावहून मामा आले. फेब्रुवारी महिना, त्यांच्या बागेत माल काढणं चालू आहे, म्हणजे रिकाम्या हाताने येणं नाहीच. थॉमसन जातीच्या द्राक्षांचा अख्खा क्रेट घेऊन आले आणि तो जेवणाच्या खोलीत भिंतीशी जमिनीवर ठेवला. रात्री साडेनऊला त्यांना सोडायला सगळे खाली गेलो, गाडीपाशी नेहमीप्रमाणे गप्पा लांबल्या. वर आलो तेव्हा सव्वादहा. क्रेटवरचा कागद टराटरा फाटलेला, एका घडाची नुसती काडी उरलेली आणि तांबू शेपटी हलवत समोर उभा.

द्राक्षं कुत्र्याला घातक असतात हे मला ऑफिसमधल्या मैत्रिणीकडून माहीत होतं. नवऱ्याने उलटी व्हावी म्हणून पेल्यात मीठ कालवायला घेतलं, तेवढ्यात डॉक्टरांचा फोन लागला. ते म्हणाले, मिठाचं पाणी अजिबात देऊ नका, अंगात मीठ चढून वेगळंच संकट उभं राहील, तसेच उचलून घेऊन या. अकराला दवाखान्यात पोहोचलो. इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात उलट्या सुरू झाल्या. अख्खे मणी बाहेर आले, काही तर चावलेलेही नव्हते. पन्नास तरी असतील. मग कोळशाचं काळं औषध आणि सलाईन. दोन दिवस सकाळी नेऊन सोडायचं, संध्याकाळी पायाला पट्टी बांधलेला घरी आणायचा. क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते सांगणारी रक्ततपासणी) पहिल्या दिवशी 1.1, तिसऱ्या दिवशी 1.3. डॉक्टर म्हणाले, दोन्ही ठीक आहेत. आज पाचवा दिवस. जेवतोय, लघवी नीट होतेय.

आता खरी गोष्ट. बाबा 74 वर्षांचे आहेत, दिंडोरी तालुक्यातले, अर्धं आयुष्य बागेत गेलं. हंगामात रात्री जेवण झालं की खुर्चीत ताटली घेऊन बसतात, एक मणी स्वतः, एक तांबूला. मी दोनदा सांगून पाहिलं होतं. म्हणायचे, "अगं, दोन मण्यांनी काय होतंय? आमच्या मळ्यात चार-चार कुत्री होती, पडलेले मणी खाऊनच मोठी झाली." त्या रात्री गाडीत बसताना माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हीच सवय लावली." ते एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हापासून ते तांबूला जवळ बोलवत नाहीत. तो जाऊन गुडघ्यावर हनुवटी टेकवतो, तर हे हात मांडीखाली घालून बसतात. मला ते बघवत नाही. त्यांनी कधी काही वाईट मनात आणून दिलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अजून किती दिवस लक्ष ठेवावं लागेल? आणि मळ्यातली कुत्री खातात ते खरं असेल, तर तांबूला धोका कसा, हे त्यांना पटेल अशा भाषेत कसं सांगू?

---

देवळालीकर_पशुवैद्य

ताई, तुम्ही तासाभरात पोहोचलात, तांबू वाचला तो त्यामुळेच. मणी पोटातून पुढे सरकायच्या आत निघाले.

आधी पहिल्या प्रश्नाचं. मूत्रपिंडाला इजा व्हायची असेल तर ती साधारण एक ते तीन दिवसांत दिसते. आधी उलट्या, मरगळ, जेवण बंद, मग लघवी कमी होत जाते आणि शेवटी बंद पडते. लघवी बंद पडल्यावर आमच्या हातात फार थोडं उरतं. तुमचे तीन दिवस रिपोर्टसकट चांगले गेलेत. आठवड्याने एकदा क्रिएटिनिन आणि युरिया पुन्हा बघा, तोही नीट आला की निर्धास्त व्हा.

आता दुसरा. तुमचे सासरे जे सांगतात ते खोटं नाही, आणि नेमकं तेच या विषाचं फसवं रूप आहे. काही कुत्री पाटीभर खातात आणि काही होत नाही, काही थोड्या मण्यांनी जातात. हा प्रकार 2001 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी प्रथम लेखी मांडला, त्यानंतर वीस वर्षं कारण कोणालाच सापडत नव्हतं. फवारणी म्हणावं, तर घरच्या बिनफवारणीच्या द्राक्षांनीही कुत्री आजारी पडायची. बुरशीचीही शंका घेऊन झाली. धागा लागला तो भलतीकडेच. घरी मुलांसाठी पीठ मळून केलेली खेळायची माती एका कुत्र्याने खाल्ली आणि त्याची मूत्रपिंडं अगदी द्राक्षांसारखीच बिघडली. त्या मातीत क्रीम ऑफ टार्टर होतं, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. द्राक्षांत हे आम्ल भरपूर असतं, बाकी बहुतेक फळांत फारसं नसतं. 2021 मध्ये ही शंका जाहीर झाली, 2022 मध्ये त्याच मंडळींनी चिंच खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांचीही नोंद केली. आपल्याकडे हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवं. चिंचेचा गोळा, आमटीचा कोळ, चिंचगुळाची चटणी, यातलं काहीही कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका.

जात, पिकण्याची अवस्था, माती यावर आम्लाचं प्रमाण बदलतं. बाबांना हे तुमच्यापेक्षा जास्त कळेल, कारण गोडी भरली की आंबटपणा कमी होतो हे बागाईतदाराला वेगळं सांगायला लागत नाही. मळ्यातलं पिकून गळालेलं फळ आणि तुमच्या क्रेटमधलं फळ सारखंच असेल असं नाही. म्हणून एका कुत्र्याचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही.

एक अंदाज देतो. नोंदलेल्या जुन्या प्रकरणांत सगळ्यात कमी मात्रा किलोमागे साधारण 20 ग्रॅम द्राक्षं आणि 3 ग्रॅमच्या आसपास बेदाणे अशी होती. तांबू 14 किलोचा, म्हणजे 280 ग्रॅम. एक बऱ्यापैकी घड. बेदाणे मात्र जेमतेम मूठभर, आणि ते द्राक्षांपेक्षा भयंकर आहेत, कारण पाणी गेलं तरी बाकी सगळं तिथेच राहतं. हे आकडे सुरक्षित मर्यादा म्हणून धरू नका. माझ्या दृष्टीने एकही मणी नाही.

---

निफाडचा_बागाईतदार

राम राम ताई. तुमच्या बाबांच्या जागी आमचे वडील ठेवा, तेच बोलणं, तोच स्वर.

आमच्याकडे साडेतीन एकर बाग आहे. मी लहानपणापासून पाहतो, काढणी चालू असली की मळ्यातली कुत्री वेलीखाली फिरत पडलेला माल खातात. कोणी हाकलत नाही. पण खरं सांगायचं तर त्यांचं पुढे काय झालं याचा हिशेब कोणी ठेवला? एखादं कुत्रं दोन दिवस मोटारीच्या खोलीमागे पडून राहायचं, पाणी प्यायचं आणि ओकायचं, तिसऱ्या दिवशी मेलेलं दिसायचं. आम्ही म्हणायचो, सापाने धरलं असेल. नाहीतर फवारणीच्या टाकीतलं पाणी प्यालं. आणि तेही होतंच कधी कधी, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. जी जगली ती डोळ्यांसमोर राहिली, म्हणून "आमची कुत्री खातात" हे वाक्य तयार झालं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या राणीने शेडमध्ये वाळत घातलेले बेदाणे खाल्ले. रात्री कोणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी ओकारीत फुगलेले बेदाणे दिसले तेव्हा दवाखाना शोधत नाशिक गाठलं, पण बारा-चौदा तास उलटून गेले होते. सहाव्या दिवशी गेली. वडील तेव्हापासून म्हणत नाहीत की काही होत नाही. पण तुमच्यावर ती वेळ यायला नको, म्हणून लिहितोय.

बाबांना "देऊ नका" असं म्हणू नका. देणं हे त्यांचं तांबूशी बोलणं आहे, ते काढून घेतलं तर दोघंही गप्प होतील. हातात दुसरं काहीतरी द्या. आमच्याकडे गाजराच्या चकत्या आणि काकडी चालते. सफरचंद दिलं तर बिया काढून. वडिलांच्या ताटलीत निम्मी द्राक्षं असतात, निम्मं गाजर. द्राक्षं त्यांची, गाजर कुत्र्याचं. शेतकऱ्याला वाटणी कळते.

---

इंदिरानगर_मनीमाऊ

माझ्याकडे दोन मांजरी आहेत, त्यामुळे द्राक्षांचं मला फार सांगता येणार नाही. पण मायेने दिलेल्या वस्तूवरून आमच्या घरातलं सांगते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

गेल्या पावसाळ्यात आमची पांढरी मांजर मलूल होती, कान गरम लागत होते. शेजारच्या काकू रोज तिला मासा घालतात, फार जीव आहे त्यांचा. मी कामावर असताना त्यांनी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दिली. लहान मुलाला देतोच की, म्हणून. संध्याकाळी आले तर तिचा चेहरा आणि पंजे सुजलेले, हिरड्या तपकिरी, धापा टाकत होती. मांजराच्या यकृताला हे औषध निपटता येत नाही आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. चार दिवस ऑक्सिजन आणि सलाईनवर होती, वाचली.

काकू दवाखान्याबाहेर माझ्याआधी येऊन बसायच्या. मी त्यांना काहीही बोलले नाही, आणि ते बरं केलं असं मला आजही वाटतं. आता मांजर मलूल दिसली की त्या मला आधी फोन करतात. तांबूची_आई, तुमच्या तोंडून निघालेल्या वाक्याबद्दल बाबांपाशी जाऊन सरळ बोला. बाकीचं शास्त्र मागून.

---

तांबूची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

परवा सकाळी चहा घेऊन बाबांपाशी बसले आणि म्हटलं, "त्या रात्री मी बोलले ते चुकलं. क्रेट खाली ठेवलेला मीही पाहिला होता." ते बराच वेळ पेपरकडेच बघत होते. मग म्हणाले, "तो मेला असता तर?" एवढंच.

संध्याकाळी निफाडच्या दादांनी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. मोटारीच्या खोलीमागचं आलं तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. त्यांच्या लहानपणी एक वाघ्या होता. तोही काढणीच्या दिवसांतच असाच, पाणी प्यायचा आणि ओकायचा. वडिलांनी पान लागलं, म्हणजे साप चावला, म्हणून मांत्रिक आणला होता. बांधावरच्या बाभळीखाली पुरला. नक्की द्राक्षांनीच गेला का, हे आता कोण सांगणार, पण बाबांनी साठ वर्षांनी ते सगळं उकरून काढलं आणि रात्री जेवताना मुलीला वाघ्याचा रंग कसा होता ते सांगत होते.

काल त्यांनीच भाजीवाल्याकडून गाजरं आणली. जाड चकत्या केलेल्या तांबूने तोंडातून टाकून दिल्या, तर आज सुरीने सुपारीएवढे तुकडे केलेत. क्रेट टेबलावर चढलाय आणि त्यावर मुलीने जाड पुठ्ठा घातलाय. आठवड्याची तपासणीही झाली, क्रिएटिनिन 1.1.

डॉक्टरसाहेब, एक राहिलं. पौर्णिमेला घरी सत्यनारायण आहे. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे तुपात परतून शिजलेले असतात. बाबा विचारताहेत, तेही चालणार नाहीत ना? तांबूला दर वर्षी प्रसाद देतात ते.

---

देवळालीकर_पशुवैद्य

शिजवून काही फरक पडत नाही. बेदाणे निवडून काढून शिराही देऊ नका, एखादा राहतोच. बाबांना म्हणावं, बेदाणे कढईत पडायच्या आधी भाजलेला रवा चमचाभर बाजूला काढा, साध्या पाण्यात शिजवा, गार करा आणि तुमच्याच हाताने त्याला द्या.