मुलांना सोबत घेऊन अंडी आणि टोस्टची न्याहारी: कोणते काम कोणाला आणि कधी द्यावे?

प्रश्न – सकाळची_गडबड

नमस्कार. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि मुलगी चार वर्षांची. सुटीच्या दिवशी दोघांना न्याहारी स्वतः करायची असते आणि त्यासाठी अंडी आणि टोस्ट यांहून सोपे काही मला सुचत नाही. मात्र त्यांच्या वाट्याला केवळ शेवटी मीठ भुरभुरण्याचे काम येऊ नये, खरे काम त्यांनीच करावे आणि मी शेजारी उभे राहून लक्ष ठेवावे, अशी माझी इच्छा आहे.

अडचणी तीन आहेत. मुलीला अंडी फोडायची असतात, आणि दर वेळी कवचाचे बारीक तुकडे भांड्यात पडतात. टोस्ट आधी तयार होतो आणि अंडी होईपर्यंत गार व चिवट होऊन जातो. मुलाला आता शेगडीपाशी उभे राहायचे आहे. त्याला तिथे कसे आणि कितपत काम करू द्यावे, हे मला ठरवता येत नाही. शिवाय त्याला पिवळा बलक पातळ राहिलेला आवडतो. तसा तो मुलांना द्यावा का, हेही कृपया सांगावे.

उत्तर १ – ओटा_आणि_उंबरठा

मुलांना खरे काम द्यायचे हा तुमचा विचार मला फार योग्य वाटतो. जे मूल अंडे स्वतः फोडते आणि फेटते, ते मूल ताटात आलेल्या अंड्याकडे वेगळ्याच उत्सुकतेने पाहते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

आधी फोडण्याविषयी. अंडे भांड्याच्या धारेवर आपटले तर कवचाचे तुकडे आतल्या बाजूला ढकलले जातात. त्याऐवजी ते सपाट ओट्यावर किंवा ताटलीवर, मधल्या फुगीर भागावर, एकदाच पण ठामपणे टेकवावे. लहान मुले बहुधा फार हलके आपटतात, मग पुन्हा पुन्हा आपटत राहतात, आणि कवचाचा चुरा होतो तो त्यामुळेच. तडा गेला की दोन्ही अंगठे तड्यावर ठेवून कवच दोन बाजूंना उघडायला शिकवावे. प्रत्येक अंडे आधी एका लहान वाटीत फोडावे आणि नीट पाहून मगच मोठ्या भांड्यात ओतावे. असे केल्याने तुकडा पडला तरी तो एका अंड्यापुरताच शोधावा लागतो आणि एखादे अंडे खराब निघाले तर बाकीची वाया जात नाहीत. पडलेला तुकडा बोटाने पकडायला गेले की निसटतो, पण फुटलेल्या कवचाच्या अर्ध्या भागाने उचलला तर लगेच येतो. तुमच्या मुलीला तुकडे शोधण्याचे हे काम फोडण्याइतकेच आवडण्याची शक्यता आहे.

फेटण्यासाठी उंच कडांचे भांडे घ्यावे, त्याखाली ओला फडका घालावा म्हणजे ते घसरत नाही, आणि हातात साधा काटा द्यावा. मीठही याच वेळी घालता येते.

आता टोस्टविषयी. बहुतेक जण ब्रेड आधी भाजायला लावतात, कारण ते काम सोपे वाटते. माझ्या मते क्रम उलटा असावा. अंडी फेटून तयार, ताटल्या मांडलेल्या, बटर बाहेर काढून मऊ झालेले, इतके सगळे झाल्यावर पॅन तापायला ठेवावे आणि त्याच वेळी टोस्टरचा खटका दाबावा. मंद आचेवर हलवत केलेल्या तीन-चार अंड्यांना साधारण तीन ते पाच मिनिटे लागतात आणि टोस्टला दोन ते तीन, त्यामुळे दोन्ही जवळपास एकाच वेळी हाती येतात. टोस्ट थोडा आधी झालाच तर काप एकमेकांवर रचून ठेवू नयेत. आतली वाफ कोंडते आणि ते ओलसर होतात. ते जाळीवर किंवा एकमेकांना टेकवून उभे ठेवावेत. बटर लावण्याचे काम मुलीकडे द्यावे, मात्र ते मऊ असेल तरच, कारण घट्ट बटर कापावर ओढताना ब्रेड फाटतो आणि मूल वैतागते.

उत्तर २ – मंद_आच

वरील क्रमाशी मी सहमत आहे; शेगडीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मुलाला तिथे उभे करण्याचा प्रश्न बराचसा आचेच्या प्रश्नाशी जोडलेला आहे.

अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होऊ लागतो, पिवळा बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान, आणि पांढरा भाग पूर्ण टणक व्हायला सुमारे ८० अंश लागतात. म्हणजे अंडे शिजायला पाणी उकळण्याइतकीही उष्णता लागत नाही. मोठ्या आचेवरच्या पॅनचे तापमान याच्या दुपटीच्याही वर सहज जाते; तिथे अंडी काही सेकंदांत रबरासारखी होतात आणि मुलाला पाहायला, विचार करायला आणि हात हलवायला अवसरच उरत नाही. मंद आच मुलाला वेळ देते. आठ वर्षांच्या मुलाला शेगडीपाशी उभे करायचे असेल तर सर्वांत मोठी मदत हीच आहे, असे मी आग्रहाने सांगेन.

बटर हा इथे उत्तम मापक आहे. बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असते; ते उडून जाताना बटर फेसाळते आणि चुरचुरते, आणि पाणी संपले की आवाज शांत होतो. त्यानंतर त्यातले दुधाचे घटक तपकिरी होऊ लागतात. मुलाला सांगावे की फेस बसू लागला की अंडी ओतायची, आणि तपकिरी रंग दिसला तर पॅन खाली उतरवायला मोठ्यांना सांगायचे. घड्याळाकडे पाहण्यापेक्षा आवाज ऐकायला आणि रंग ओळखायला मुले लवकर शिकतात.

अंडी ओतल्यावर लाकडी कलथ्याने तळ खरवडत सावकाश हलवावे. पॅन उतरवल्यावरही त्यातल्या उष्णतेने अंडी शिजत राहतात, म्हणून गॅस शिजणे पूर्ण होण्याच्या किंचित आधी बंद करावा आणि उरलेले काम पॅनवर सोपवावे.

टोस्टचे गणित मात्र वेगळे आहे. ब्रेड खरपूस होतो तो त्यातली शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यातील अभिक्रियेमुळे. लुई-कामिय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. ही अभिक्रिया वेगाने होण्यासाठी साधारण १४० अंशांच्या वरचे तापमान लागते आणि पृष्ठभाग ओला असेपर्यंत तिथपर्यंत पोहोचता येत नाही. त्यामुळेच किंचित शिळा, कोरडा ब्रेड ताज्यापेक्षा लवकर आणि सारखा भाजला जातो. रंग सोनेरी झाला की थांबावे. गडद तपकिरी टोस्टमध्ये अ‍ॅक्रिलामाइड या नको असलेल्या रसायनाचे प्रमाण वाढते. काळवंडलेला भाग मुलांना देऊ नये.

उत्तर ३ – काळजीपूर्वक

सुरक्षिततेविषयीचे मुद्दे राहिले आहेत, ते लिहिते.

पातळ बलकाविषयी माझे मत स्पष्ट आहे: लहान मुलांना अंडे पांढरा आणि पिवळा दोन्ही भाग घट्ट होईपर्यंत शिजवूनच द्यावे. कच्च्या किंवा अर्धकच्च्या अंड्यात साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो आणि पाच वर्षांखालील मुलांना त्याचा त्रास अधिक गंभीर होऊ शकतो. फेटून शिजवलेल्या अंड्यांसाठी आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस हे सुरक्षित तापमान मानले जाते. घरच्या भाषेत, पॅनमध्ये कुठेही वाहते पातळ अंडे दिसू नये. काही देशांत जंतुनियंत्रणाखाली तयार झालेली, शिक्का असलेली अंडी मिळतात आणि तिथे लहान मुलांनाही पातळ बलक देण्यास मुभा आहे. तुमच्याकडच्या अंड्यांबद्दल अशी खात्री नसेल तर मुलाला नाही म्हणावे लागेल. बलक घट्ट पण मऊ, ओलसर असा ठेवता येतो. मंद आचेवर झाकण ठेवून शिजवल्यास तो कोरडा होत नाही.

दुकानातून आणलेली अंडी धुऊन साठवू नयेत. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि पाण्यासोबत बाहेरचे जंतू आत जाण्याची शक्यता वाढते. धुवायचे ते हात: अंडी फोडल्यानंतर लगेच, साबणाने, किमान २० सेकंद. फेटलेल्या अंड्यात बोट बुडवून चाखण्याचा मोह मुलांना होतो, त्यावरही लक्ष असावे.

मुलाला शेगडीपाशी उभे करताना पायाखाली न डगमगणारी चौकी, बाह्या वर, केस बांधलेले, आणि पॅनचा दांडा ओट्याच्या आतल्या बाजूला वळवलेला असावा. मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावरच उभे राहावे. त्या वेळात फोनही घेऊ नये. चार वर्षांच्या मुलीला शेगडीपासून दूर, टेबलावरचे काम द्यावे. टोस्टरमध्ये काप अडकला तर आधी प्लग काढावा, आणि आत सुरी किंवा काटा कधीही घालू नये, हे मुलांना करून दाखवावे. भाजलेच तर त्या जागी २० मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. बर्फ, बटर किंवा टूथपेस्ट लावू नये.

शेजारचे मूल न्याहारीला येणार असेल तर त्याला अंड्याची अ‍ॅलर्जी नाही ना, हे त्याच्या पालकांना विचारून घ्यावे.

सकाळची_गडबड

तिघांचेही मनापासून आभार. आचेचा मुद्दा माझ्या लक्षात आलाच नसता, आणि पातळ बलकाबद्दल मुलाशी आजच बोलते. एक शेवटचा प्रश्न: मुलीला हलवून केलेली अंडी फारशी आवडत नाहीत, ती उकडलेले अंडे आणि टोस्टच्या पट्ट्या मागते. सोलताना पांढरा भाग कवचासोबत निघून येतो आणि बलकाभोवती हिरवट कडे दिसते. यावर उपाय आहे का?

उत्तर – मंद_आच

दोन्हींवर उपाय आहे. अगदी ताज्या अंड्याचा पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतो. दिवस जातात तसा कवचातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होतो आणि चिकटणे कमी होते. म्हणून उकडण्यासाठी आठवडाभर ठेवलेली अंडी घ्यावीत. ती गार पाण्यात घालून तापवण्यापेक्षा थेट उकळत्या पाण्यात सोडल्यास सोलायला सोपी जातात. सोडण्याचे काम मात्र तुम्ही झाऱ्याने करावे.

हिरवट कडे जास्त वेळ उकडल्याने येते: पांढऱ्या भागातून सुटणारा गंधकयुक्त वायू बलकातल्या लोहाशी संयोग पावतो. ते खाण्यास अपायकारक नाही. उकळी मंद ठेवून दहा ते बारा मिनिटांनी अंडी बाहेर काढावीत आणि लगेच भरपूर गार पाण्यात टाकावीत, म्हणजे ते येत नाही.

मुलीला सोलायला देताना रुंद टोकाकडून सुरुवात करायला सांगावे, कारण तिथे हवेची पोकळी असते आणि पापुद्रा सहज पकडता येतो. पाण्याच्या भांड्यात बुडवून सोलले तर बारीक तुकडेही आपोआप सुटतात. टोस्टरचा खटका तिने सोलायला घेतल्यावरच दाबावा. अंडे तिला अख्खे न देता चार फोडी करून द्यावे. सोलून झाल्यावर, हात धुऊन, टोस्टच्या पट्ट्यांवर बटर तिलाच लावू द्यावे.