अनुभव धागा: ख्रिस्तशरीराचा सण तुमच्या गावात कसा होतो?

पवित्र त्रैक्याच्या रविवारनंतरचा गुरुवार म्हणजे ख्रिस्तशरीर आणि रक्ताचा सण, कॉर्पस क्रिस्ती. मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) पवित्र केलेल्या भाकर आणि द्राक्षारसात ख्रिस्त स्वतः असतो, या श्रद्धेचा हा सण. लिएजच्या संत ज्युलियाना यांनी त्याचा ध्यास घेतला आणि १२६४ साली पोप अर्बन चौथे यांनी तो सगळ्या चर्चला लागू केला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो पुढच्या रविवारी होतो. तुमच्या धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) काय करतात, लहानपणी काय पाहिलंत, सगळं लिहा. फोटो नसले तरी चालेल.

वसईहून
आमच्याकडे सण येतो तो ऐन पावसाच्या तोंडावर, त्यामुळे मिरवणूक रस्त्यावर निघेल की चर्चच्या आवारातच फिरेल हे सकाळी आभाळ बघून ठरतं. तयारी मात्र दोन्हींची असते. आदल्या संध्याकाळी आमच्या आळीतल्या बायका वेदी सजवायला बसतात. सोनचाफा आणि मोगरा घरच्या वाडीतला, केळीची पानंही घरचीच. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या आज्या कामाला हात लावतात तेव्हा आम्ही सुना नुसत्या पाकळ्या निवडतो, कारण हार कसा घट्ट ओवायचा ते त्यांनाच येतं.

मिरवणुकीत पहिलं कम्युनियन (ती पवित्र भाकर) घेतलेली मुलं पांढऱ्या कपड्यांत पुढे, हातात पाकळ्यांच्या परड्या. मागे छत्राखाली फादर. मला नेहमी फादरांचे हात बघावेसे वाटतात. मॉन्स्ट्रन्स, म्हणजे पवित्र भाकर दर्शनासाठी ठेवायचं पात्र, ते उघड्या हातांनी धरत नाहीत, खांद्यावरच्या वस्त्राची टोकं हातांवर घेऊन त्यातूनच धरतात. सोन्याच्या किरणांच्या मधोमध काचेआड एवढीशी पांढरी भाकर. घंटी वाजली की सगळे गुडघ्यावर, खाली चिखल असला तरी. आमचे हिंदू शेजारीसुद्धा दारापुढे रांगोळी काढून उभे राहतात. त्यांना कोणी सांगायला जात नाही.

मुंबईहून, वय झालेला
१९६४ सालची आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे या पवित्र भाकरीच्या भक्तीसाठी भरणारा कॅथलिकांचा मेळावा, मी पाहिली. मुंबईत भरलेली ही ३८वी. वडिलांनी आम्हा भावंडांना चर्चगेटपर्यंत गाडीने नेलं आणि ओव्हल मैदानाकडे चालवत नेलं. पोप पॉल सहावे २ डिसेंबरला आले, भारतात आलेले ते पहिले पोप. गर्दीत मला वडिलांच्या खांद्यावरून दूरचा एक पांढरा ठिपका दिसला, तेवढाच. पण एवढी माणसं एकदम शांत झालेली मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिली नाहीत. परत जाताना पोपनी त्यांना भेट मिळालेली मोटार मदर तेरेसांना दिली आणि त्यांनी ती सोडतीत काढून कुष्ठरुग्णांसाठी पैसे उभे केले, हे आमच्या घरात प्रत्येक पाहुण्याला सांगितलं जायचं. भाकर मोडून वाटण्याचा अर्थ याहून सोपा करून मुलांना कसा सांगणार?

गोव्याहून
आमच्या गावात कॉन्फ्रारियाचे (चर्चच्या बंधुमंडळाचे) पुरुष लाल-पांढरा ओप-मुस, म्हणजे मंडळाचा झगा, घालून, हातात मेणबत्त्या घेऊन चालतात. माझ्या आजोबांचा ओप-मुस आता काका घालतात.

कोलोनहून (मूळची वसईची)
इथे गुरुवारीच सण असतो आणि सुट्टीही. शहरातल्या म्युलहाइम भागात मिरवणूक ऱ्हाइन नदीत होड्यांतून निघते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आपल्या कोळीवाड्यातल्या सजवलेल्या होड्याच डोळ्यांपुढे आल्या, आणि जर्मन स्तोत्रं कळत नसतानाही मी किनाऱ्यावर गुडघे टेकले. आईला व्हिडिओ पाठवला, तिने लगेच विचारलं, "छत्र कुठंय?"

वसईहून, कम्युनियन सेवक
मिरवणुकीबद्दल वर सगळं आलंच आहे, मी दुसरं सांगतो. सणाच्या दिवशी मिस्सा संपली की आम्ही काही जण गळ्यात पिक्स, म्हणजे पवित्र भाकर ठेवायची लहान डबी, घालून आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन घेऊन जातो. घरच्यांनी स्टुलावर धुतलेलं पांढरं फडकं, क्रूस आणि मेणबत्ती मांडलेली असते. वाटेत आम्ही कोणाशी बोलत नाही, ओळखीचे लोकही ते समजून घेतात. पक्षाघाताने बोलणं गेलेल्या एका मावशींना मी "ख्रिस्ताचे शरीर" म्हटलं की त्या डोळे मिटून मान हलवतात, तेच त्यांचं आमेन. तुमच्या धर्मग्रामात अशी सेवा नसेल, तर आपल्या फादरांना जरूर विचारा. अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करायला आळीतल्या बायकांइतकं कोणी उपयोगी पडत नाही.