‘ज्ञानेश्वरांची बहीण मुक्ताबाई’: मध्ये स्वल्पविराम हवा का?

मी इंग्रजी शिकवते. तिथला नियम असा: जो तुकडा गाळला तरी कोणाबद्दल बोलतोय ते कळतं, त्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम, ओळख पटायलाच जो लागतो, त्याला नाही. मराठीतही हेच पाळायचं का? ज्ञानेश्वरांना बहीण एकच, भाऊ मात्र दोन. मग मुक्ताबाईंना स्वल्पविराम आणि सोपानदेवांना नाही, असं करायचं?

—

ताई, उदाहरण फार नेमकं दिलंत. माझ्या मते दोन्हीकडे नको. ‘ज्ञानेश्वरांचे भाऊ सोपानदेव यांची समाधी सासवडला आहे’ हे मोठ्याने वाचा. ‘यांची’ आलं की नातं आणि नाव यांची मोट बांधली जाते. स्वल्पविरामाला तिथे कामच उरत नाही.

दुसरं, आपल्याकडे बरंचसं काम शब्दांचा क्रम करतो. ‘माझा पुण्यात राहणारा भाऊ’ म्हटलं की भाऊ एकाहून जास्त आहेत आणि त्यांतला पुण्याचा, असं वाटतं. ‘पुण्यात राहणारा माझा भाऊ’ म्हटलं की पुणं ही नुसती जास्तीची माहिती. ‘माझा जो भाऊ पुण्यात राहतो तो’ म्हणाल तर निवड अगदी पक्की. याउलट ‘माझा भाऊ, जो पुण्यात राहतो, उद्या येणार आहे’ ही रचना मला भाषांतरातली वाटते. वर्तमानपत्रांत ती रोज दिसते आणि दर वेळी खटकते.

जुन्या मोडी लिपीत शब्दसुद्धा सलग लिहीत, विरामचिन्हं नव्हतीच. ती एकोणिसाव्या शतकात इंग्रजीकडून आली. मराठी कोशाचं काम करणारे इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांचा त्यात मोठा वाटा. त्याआधीही लोक हा फरक करतच होते, तो याच साधनांनी.

खरा स्वल्पविराम लागतो तो वाक्यात दुसरं अख्खं वाक्य घुसतं तेव्हा: ‘आजी, तेव्हा ती ऐंशीची होती, चार जिने चढून वर आली.’ इथे दोन्ही हवेत. अनेकजण पहिला देतात, दुसरा विसरतात, आणि वाचणारा ‘ऐंशीची होती चार जिने’ इथे अडखळतो.

—

क्रमाचं पटलं, पण तो नियम नाही, कल आहे. बोलताना ‘पुण्यात’वर जोर दिला तर ‘पुण्यात राहणारा माझा भाऊ’ यातूनही निवडच कळते.

—

बरोबर, कलच म्हणू या. लिहिताना आवाज सोबत नसतो. म्हणून मृत्युपत्रात ‘माझी गावची जमीन’ एवढ्यावर मी थांबणार नाही. ‘माझी जी जमीन गावी आहे ती’ असंच लिहीन.