मदत हवी आहे: पोषण कळायला प्रीअल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) टेस्ट करून उपयोग होतो का?

नमस्कार मंडळी. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. वरणभाताचे दोन घास खाल्ले की ताट बाजूला; बांगड्या पार कोपरापर्यंत चढतात. अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) २.८ आलंय, हवं ३.५च्या पुढे. डाएटिशियन म्हणतात, रक्तातलं अल्ब्युमिन निम्मं व्हायलाच वीसेक दिवस लागतात, त्यामुळे आहाराचा फरक त्यात लवकर दिसायचा नाही. प्रीअल्ब्युमिनला दोन-तीनच दिवस, म्हणून ते दर आठवड्याला करा. पण जखमेत इन्फेक्शन आहे, सीआरपीही (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) वाढलंय. अशा वेळी खाणं नीट असलं तरी दोन्ही प्रोटीन्स खाली येतात ना? मग आकडा वाचायचा कसा? सोबत सीआरपी करत राहायचं, की सरळ वजन आणि हाताच्या पकडीवर भिस्त ठेवायची? जाणकारांनी सांगा. किडनी ठीक आहे. अंडं त्यांना चालत नाही, तो सल्ला नको!