कोपानचा हत्ती, की आपल्याच डोळ्यातला गणपती?

वाटसरू
दरवर्षी गणपती जवळ आले की एक फोटो फिरू लागतो. दगडी स्तंभाच्या वरच्या कोपऱ्यात वळलेली सोंड, तिच्यावर पागोटं घातलेला माणूस, खाली मजकूर: 'अमेरिकेतला प्राचीन गणपती'. फोटो खराच आहे. होंडुरासमधल्या कोपान या माया (मध्य अमेरिकेतली प्राचीन संस्कृती) शहरातला, इ.स. ७३१ मधला 'बी' क्रमांकाचा शिलास्तंभ. गेल्या वर्षी तो प्रत्यक्ष पाहून आलो. माझं मत सरळ आहे: तो हत्ती नाही, मकाव पोपट आहे.

हत्तीवाले ज्याला डोळा म्हणतात, ती मला चोचीच्या मुळाशी असलेली नाकपुडी वाटली. कोपानच्या चेंडूच्या मैदानाच्या दोन्ही अंगांना मकावची दगडी डोकी बसवलेली आहेत. ती बघून परत स्तंभापाशी आलात की सोंड दिसणं बंद होतं. शिवाय कोपानच्या राजवंशाचा संस्थापक यश कुक मो. त्याच्या नावातला 'मो' म्हणजेच मकाव. आणि या स्तंभावरच्या लेखात 'मो वित्झ' असे शब्द आहेत, म्हणजे मकाव-डोंगर. शिल्पकाराने शेजारी नाव लिहून ठेवलंय, ते न वाचता आपण आपलं बारसं का करायचं?

आत शिरतानाच झाडांवर लाल मकाव कलकलाट करत होते, ते वेगळंच!

मयसभा
असहमत. एक हत्ती बाजूला ठेवा. मेक्सिकोतल्या चिचेन इत्झा या माया शहरात कोरलेल्या कमळवेली आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपावरच्या वेलींसारख्या आहेत, असं हाइने-गेल्डर्न आणि एकहोम या दोन युरोपीय-अमेरिकन अभ्यासकांनीच म्हटलं होतं. दारावर जबडा वासलेला राक्षस तिथेही, कीर्तिमुख आपल्याकडेही. सूर्यसिद्धांत सांगितला तो मयासुराला, पांडवांची सभा बांधली ती मयासुराने. आणि ज्योतिष व बांधकाम या दोन्हींत तरबेज असलेल्या लोकांचं नाव काय, तर माया. योगायोग किती मानायचे? परग्रहवाल्यांच्या पंक्तीत मात्र मला बसवू नका. पालेंके या माया शहरातल्या राजाच्या शवपेटीवरचं शिल्प बघून त्याला अंतराळवीर म्हणणारे वेगळे.

वाटसरू
नावाचं तेवढं सोडाच. 'माया' हे नाव मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागातलं. कोपान, पालेंके, तिकाल या सगळ्यांना मिळून ते लावलं नंतरच्या लोकांनी. पालेंकेचे लोक आपल्या शहराला लाकामहा म्हणत, म्हणजे मोठं पाणी. ज्यांनी स्वतःला कधी माया म्हटल्याचं दिसत नाही, त्यांना मयासुराच्या वंशात कसं घालणार?

ठोकळेकाका
मी बांधकामातला माणूस, मूर्तींतलं फार कळत नाही. पण साम्याबद्दल एक सांगतो. माया लोक खरी कमान बांधत नव्हते. दोन्ही भिंतींवरचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढायचा आणि वर फट उरली की चपटा दगड टाकून ती बंद करायची. आपल्या अंबरनाथच्या देवळाचं (शके ९८२) छत याच युक्तीवर उभं आहे. म्हणून कोकणातला गवंडी होंडुरासला गेला असं मी म्हणत नाही. दगडाला ताण सोसत नाही, दाब सोसतो. कमान माहीत नसेल, तर जो तो तिथेच येऊन पोचणार.

शिल्पवेडी
काका, +१. पण माझा आक्षेप वाटसरूंना आहे, आणि तो दुसऱ्या बाजूने आहे. शेजारी नाव लिहिलंय, ठीक. जिथे लिहिलेलं नाही तिथे काय? युकातानमधल्या काबाहची एक अख्खी दर्शनी भिंत मुखवट्यांनी भरलीय, सुमारे २५० असतील. लांब वळलेलं नाक. कितीतरी वर्षं पुस्तकं ठामपणे सांगत आली: हा पाऊसदेव चाक. मग काही अभ्यासकांनी म्हटलं की यातले बरेच मुखवटे म्हणजे 'वित्झ', जिवंत डोंगर. इमारत म्हणजे डोंगर आणि दार म्हणजे त्याची गुहा. अर्थ पार बदलला की नाही? आणि निवाडा करायला त्या मुखवट्यांशेजारी लेख नाही.

कोपानचंच बघा. तिथल्या जिन्याच्या पायऱ्यांवर दोन हजारांहून जास्त चित्राक्षरं, माया लिपीतला सर्वांत लांब लेख. वरचा बराच भाग कोसळला होता. १९३० च्या दशकात जिना पुन्हा रचला, तेव्हा लिपी कुणालाच नीट वाचता येत नव्हती. दगड बसले, वाक्यं विस्कटली. तुमचं 'आधी मजकूर वाचा' तिथे कसं चालवणार?

मयसभा
हेच तर म्हणतोय! तज्ज्ञ चुकतात. एरिक थॉम्पसनसारखा दिग्गज माया-अभ्यासक म्हणत राहिला की स्तंभांवर फक्त कालगणना आहे, राजे-लढाया नाहीत. सपशेल चुकला. उद्या आमचं म्हणणंही खरं ठरेल.

शिल्पवेडी
थॉम्पसन चुकला हे कळलं कसं, ते तरी बघा. तातियाना प्रोस्कुरियाकॉफ, माया-अभ्यासक, शिक्षणाने आर्किटेक्ट. ग्वातेमालातल्या पिएद्रास नेग्रासचे स्तंभ तिने गटागटाने लावले. प्रत्येक गटाच्या पहिल्या स्तंभावर कोनाड्यात उंच बसलेला माणूस, खाली शिडी, शिडीवरून वर गेलेली पावलं. मग तिने तारखा मोजल्या. एका गटातल्या तारखा एका माणसाच्या आयुष्यात मावतात! म्हणजे हा देव नव्हे, गादीवर बसलेला राजा. १९६० साली तिने हे छापलं आणि थॉम्पसननेही ते मान्य केलं. 'सारखं दिसतं' एवढ्यावर ती थांबली नाही.

पालेंकेच्या शवपेटीचंही तसंच. झाकण आडवं धरलं की रॉकेट दिसतं. उभं धरा: खाली पाताळाचा जबडा, मधे पाकाल राजा, त्याच्यातून वर गेलेलं झाड, झाडावर पक्षी. पेटीच्या बाजूंवर त्याचे पूर्वज फळझाडांसह जमिनीतून उगवताहेत, नावांसकट. तेच क्रुसासारखं झाड पलीकडच्या देवळात पुन्हा कोरलंय. एकच चिन्ह अनेक ठिकाणी, त्याच संदर्भात आलं पाहिजे. तुमचा हत्ती कोपानच्या बाहेर कुठे भेटतो?

ठोकळेकाका
चिचेनच्या पिरॅमिडबद्दल माझी एक भर. चारही बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, वरचा चौथरा धरून ३६५. मला शंका होती, कारण दोनच बाजू नीट दुरुस्त केल्यात. पण स्पॅनिश बिशप लांदाने सोळाव्या शतकातच ९१ लिहून ठेवलेत. गंमत बघा, १५६२ साली मायांच्या पोथ्या जाळणारा तो हाच. विषुवदिनी (दिवस-रात्र सारखे असताना) त्या पिरॅमिडच्या जिन्याच्या कडेवरून उतरणारा सावलीचा साप मात्र आधी-नंतर बरेच दिवस दिसतो, त्यामुळे 'नेमका तोच दिवस साधला' हे मला पटत नाही.

वाटसरू
शिल्पवेडी, काबाहबद्दल मान्य. तिथे मी चाक म्हणूनच फोटो साठवलेत, नाव बदलून प्रश्नचिन्ह टाकतो. हत्तीवर मात्र ठाम आहे.

मयसभा
मी कमळांवर ठाम.

शिल्पवेडी
कमळ नव्हे हो, तिथली पाणकुमुदिनी, तळ्यातली. वाटसरू, त्या स्तंभाची मागची बाजू टिपलीत का? हत्तीचे फोटो फिरवणारे ती कधीच दाखवत नाहीत.

वाटसरू
आहे. डोंगराचा अख्खा चेहरा आहे तिथे. ऊन समोरून होतं, जरा काळपट आलाय. रात्री टाकतो.