मदत हवी आहे: व्हॅनचं ऑनिंग (बाजूला ताणायचं कापडी छत) वाऱ्यात कसं बांधता?

मंडळी, आम्ही कोथरूडचे. कॅम्पर व्हॅनला बाजूने गुंडाळायचं ऑनिंग लावलंय. परवा पवना धरणाच्या काठावर संध्याकाळी असा वारा सुटला की कापड शिडासारखं फुगलं, मुरमातली खुंटी सुळकन उपटली आणि ऑनिंगचा पाय थेट चहाच्या पातेल्यात! (बायको अजून धड बोलत नाहीये.) एक कोपरा खाली उतरवला होता, पण त्याने फक्त पावसाचं पाणी ओघळतं.

आता कापडावरून आडवा पट्टा टाकून दोन्हीकडे लांब खुंट्या तिरक्या ठोकाव्यात म्हणतोय. पट्ट्याला स्प्रिंग लावावी का? कातळावर खुंटी शिरतच नाही, तिथे २० लिटरचे भरलेले कॅन बांधून भागेल? शिवाय एक्सप्रेसवेवर गुंडाळलेलं ऑनिंग सारखं खडखडतं, ते कशाने आवळता? रात्री झोपताना गुंडाळूनच ठेवायचं, एवढं मात्र कळलंय.